बॉब पेझलीला टीम आयती मिळाली होती का?

डावा बॅक, मुरार

नमस्कार मंडळी. जुन्या फुटबॉलची माहिती असणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

मुरारला आमची सतरा वर्षांखालच्या मुलांची टीम आहे. उन्हाळ्यापर्यंत मोठे सर कोच होते आणि मी त्यांच्या हाताखाली. फक्की मारणं, बिब मोजून परत घेणं, बर्फाचा डबा सांभाळणं, कोणाचा घोटा मुरगळला तर पट्टी बांधणं, ही माझी कामं. सरांनी वयामुळे आता सोडलं आणि जाताना माझं नाव पुढे केलं. मी मागितलं नव्हतं. टीम चांगली आहे, पण ती सरांनी घडवलेली आहे. जिंकलो तर लोक म्हणणार सरांची पुण्याई, हरलो तर म्हणणार याने वाट लावली. सर अजूनही रोज संध्याकाळी येतात, लाइनीजवळच्या कडुनिंबाखाली बसतात. मी एखाद्याला जागा बदलायला सांगितली की तो आधी कडुनिंबाकडे बघतो, मग माझ्याकडे.

एक मित्र म्हणाला, लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचा जुना मॅनेजर बॉब पेझली, त्याच्याबद्दल वाच, तुझीच गोष्ट आहे. वाचलं. तीन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग)! पण जिथे तिथे एकच सूर, की आधीचा मॅनेजर बिल शँकली याने उभी केलेली टीम त्याला मिळाली, हा स्वेटर घालणारा शांत माणूस होता आणि जिंकत गेला. एवढ्याने माझं समाधान होत नाही. टीम खरंच आयती मिळाली होती का? आणि शँकलीसारखा माणूस गेल्यावर त्या खेळाडूंनी याचं ऐकलं कसं?

अ‍ॅनफिल्ड ते राजवाडा (इंदूर)

लिव्हरपूलचं नाव निघालं की मला राहवत नाही, त्यामुळे पहिला प्रतिसाद माझा.

पेझली १९७४ ते १९८३, असे नऊ मोसम मॅनेजर होता. त्यात इंग्लंडची लीग सहा वेळा (१९७६, ७७, ७९, ८०, ८२, ८३), युरोपियन कप तीन वेळा (१९७७, ७८, ८१), यूएफा कप १९७६ मध्ये आणि शेवटच्या तिन्ही वर्षी लीग कप. मोठी ट्रॉफी आली नाही असा मोसम फक्त पहिला, आणि त्यातही लीगमध्ये दुसरा नंबर. तीन युरोपियन कप जिंकणारा तो पहिला मॅनेजर. झिदानने पुढे त्याला गाठलं, अँचेलोत्ती त्याच्याही पुढे गेला, पण तो दोन क्लब मिळून. १९७८-७९ चा मोसम काढून बघ, ४२ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, त्यातले अ‍ॅनफिल्डवर चार. अख्ख्या वर्षात घरच्या मैदानावर चार!

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर पाया शँकलीचाच. १९५९ च्या डिसेंबरात शँकली आला तेव्हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये होता. १९६२ मध्ये त्याने वर आणला, मग १९६४, ६६ आणि ७३ ला लीग, १९६५ आणि ७४ ला एफए कप. रोमला १९७७ ची युरोपियन कपची फायनल खेळलेले अकरा जण बघ: क्लेमन्स, स्मिथ, ह्यूज, कॅलॅहन, हायवे, कीगन, रे केनेडी, केस. हे आठ जण शँकलीच्या काळापासून क्लबमध्ये असलेले. 'आयती' शब्द जरा कडक आहे, पण अगदीच खोटा नाही.

लष्करचे पीटी काका

इंदूरकर, तुमचा रोमचा हिशेब चोख आहे. आता तोच हिशेब पॅरिसचा मांडा. २७ मे १९८१, युरोपियन कपची फायनल, समोर रिअल माद्रिद. अकरांपैकी शँकलीच्या वेळचे उरले तीन: क्लेमन्स, फिल थॉम्पसन आणि रे केनेडी. बाकी नील, हॅन्सन, अ‍ॅलन केनेडी, सॅमी ली, मॅकडरमॉट, सुनेस, डाल्ग्लिश, जॉन्सन हे आठ पेझलीने आणलेले किंवा पुढे काढलेले. रोमला आठ-तीन होतं ते चार वर्षांत तीन-आठ झालं, आणि कप दोन्ही वेळा घरी आला. मधल्या काळात टीम मोडली, पुन्हा उभी राहिली, असं एकही वर्ष दाखवता येणार नाही. चालत्या टीममधून माणूस काढायचा, दुसरा बसवायचा आणि गती कमी होऊ द्यायची नाही. हे ज्याने कधी करून पाहिलं आहे त्याला विचारा, टीम नव्याने उभी करण्यापेक्षा हे किती अवघड आहे ते.

पण मुरारकर, मला तुला सांगायचं आहे ते याच्याही आधीचं आहे. ते पहिले आठ जणसुद्धा पेझलीला आयते मिळाले नव्हते. मॅनेजर होण्याच्या आधीची वीस वर्षं तो त्याच क्लबात खेळाडूंच्या पोटऱ्या आणि मांड्या चोळत होता. शँकलीची टीम त्याच्या हातांखालून गेलेली होती.

माणूस मूळचा डरहॅमकडच्या खाणपट्ट्यातला, हेटन-ल-होल नावाच्या गावचा, जन्म जानेवारी १९१९. घर खाणकामगाराचं. हा गवंडीकाम शिकला. बिशप ऑकलंड या हौशी खेळाडूंच्या क्लबकडून १९३९ चा अ‍ॅमॅच्युअर कप जिंकला, त्याच वर्षी लिव्हरपूलने घेतला, आणि काही महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. ऐन विशीतली सहा वर्षं तोफखान्यात गेली, उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत. परत आल्यावर लेफ्ट-हाफ म्हणून खेळला, १९४७ ची लीग जिंकणाऱ्या टीममध्ये होता.

आता पुढचं नीट वाच. १९५० ची एफए कपची सेमीफायनल, समोर गावातलाच एव्हर्टन, आणि गोल कोणाचा? पेझलीचा. फायनलच्या अकरांत नाव कोणाचं नाही? पेझलीचंच. मधे दुखापत झाली होती, आणि निवड झाली तेव्हा त्याला वगळलं. लिव्हरपूल ती फायनल आर्सेनलकडून हरलं. माझं ठाम मत आहे की पुढचा मॅनेजर त्या दिवशी घडला. टीमबाहेर बसवलेल्या खेळाडूच्या पोटात काय होतं हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. बाहेर बसवताना तो पुढे कधी कचरलाही नाही, पण का बसवलं याचा हिशेब त्याच्याकडे पक्का असायचा.

१९५४ मध्ये खेळणं संपलं आणि क्लबने त्याला राखीव टीमच्या कामाला ठेवलं. त्याने पत्राद्वारे फिजिओथेरपीचा अभ्यास केला, लिव्हरपूलच्या हॉस्पिटलांत जाऊन डॉक्टरांचं काम बघितलं. त्या काळी इंग्लंडमध्ये ट्रेनर म्हणजे बादली आणि स्पंज घेऊन धावणारा माणूस. हा मात्र स्नायू, सांधे, हाडं शिकून घेत होता. शँकली आल्यावर त्याने जुना स्टाफ काढला नाही. जो फेगन, रूबेन बेनेट, पेझली, पुढे रॉनी मोरान, ही मंडळी बूट ठेवायच्या खोलीत बसायची आणि रोजचा सराव वहीत लिहून ठेवायची. हवा कशी होती, काय करून घेतलं, कोण लंगडला, सगळं. पुढच्या वर्षी तोच आठवडा आला की वही उघडायची.

एक उदाहरण देतो. खेळाडू कपडे बदलायचे अ‍ॅनफिल्डवर, सरावाला बसने मेलवूडला जायचे आणि तशाच घामेजल्या कपड्यांत बसने परत यायचे. बस, चहा, गप्पा यात अर्धा तास जायचा, शरीर हळूहळू निवायचं, आणि मग आंघोळ. मैदानावरून थेट गरम पाण्यात कोणी नाही. १९६५-६६ ची लीग लिव्हरपूलने पूर्ण मोसमात फक्त चौदा खेळाडू वापरून जिंकली. चौदा! अवघड वेळापत्रक, चिखलाची मैदानं, आणि तरी चौदा. ट्रॉफीवर नाव शँकलीचं आहे आणि ते योग्यच आहे. पण ते चौदा जण शनिवारी उभे राहावेत याची काळजी कोण घेत होतं?

आणि १९६५ ची एफए कपची फायनल. लीड्सविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच लेफ्ट-बॅक जेरी बर्नचं गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) मोडलं. पेझली धावत गेला, हात लावला आणि ओळखलं. बदली खेळाडूचा नियम तेव्हा नव्हता, बर्न बाहेर आला असता तर दहाच उरले असते. दोघांनी मिळून ते लपवलं. बर्न जादा वेळ धरून अख्खी मॅच खेळला आणि रॉजर हंटच्या गोलला पासही त्याचाच. समोरच्या टीमला पत्ता लागला नाही. क्लबचा तो पहिला एफए कप.

खेळाडूंनी याचं का ऐकलं, असं तू विचारतोस. ज्याने आपलं दुखणं आपल्याआधी ओळखलं, त्याचं माणूस ऐकतो. तो बोलण्यात कच्चा होता. नावं विसरायचा, वाक्य अर्धं सोडायचा, भाषण तर त्याला जमतच नसे. शँकली बोलायला लागला की माणसं भारून जायची. तसं करायच्या भानगडीत पेझली पडलाच नाही. हे पद मला नकोच होतं, असं त्याने सुरुवातीलाच खेळाडूंना सांगून टाकलं. शँकली मात्र सोडल्यावरही मेलवूडला यायचा, आणि खेळाडू त्याला 'बॉस' म्हणायचे, नव्या बॉसच्या देखत. तुझा कडुनिंब तिथेही होता बघ. १९७४ च्या ऑगस्टमध्ये वेम्बलीवर चॅरिटी शील्डला (मोसमाच्या सुरुवातीचा मानाचा सामना) टीम घेऊन मैदानात कोण उतरला? राजीनामा दिलेला शँकली! पेझलीने तो मान त्याला घेऊ दिला. पण रोजच्या सरावात दोन बॉस चालत नाहीत, आणि पुढे ते येणं थांबलं. शँकलीला ते लागलं, त्याबद्दल मला वाईटच वाटतं. पण दुसरा मार्ग नव्हता.

मी ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकलो, ती विद्यापीठ व्हायच्या कितीतरी आधी. १९५७ मध्ये १८५७ च्या शताब्दीला सुरू झालेलं ते कॉलेज, आणि आमच्या वेळी शरीररचनेचा तास मैदानाइतकाच महत्त्वाचा. आमचे एक शिक्षक सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या मुलांची चाल बघायला लावायचे. कोणाचं पाऊल आखूड पडतं, कोण टाच टेकवत नाही, कोण वळताना आधी खांदा फिरवतो. पेझलीबद्दल मी त्या काळात लायब्ररीतल्या इंग्रजी साप्ताहिकात वाचलं. खेळाडू चालत येताना बघून त्याला कुठे दुखतंय ते तो सांगायचा, असं त्यात होतं. बाकीच्यांना ती दंतकथा वाटली. मला वाटली नाही, कारण आम्ही तेच शिकत होतो.

पुढे शाळेत नोकरी लागल्यावर हे रोज उपयोगी पडलं. जानेवारीच्या धुक्यात मुलं उशिरा यायची, अंग आखडलेलं असायचं, आणि आमचा राइट-विंगर "सर, ठीक हूँ" म्हणून थेट पळायला लागायचा. त्याचा उजवा पाय मागून पुढे येताना जरासा आधीच टेकायचा. बोटभर फरक. मांडीच्या मागे हात लावला की तिथे ताणलेल्या दोरीसारखी शीर लागायची. त्या दिवशी त्याला धावू द्यायचं नाही, पासिंगला उभं करायचं. घरी जाऊन तो रागवायचा, आणि पुढच्या सामन्याला धावायचा.

आता पेझलीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. रे केनेडी आर्सेनलहून आलेला सेंटर-फॉरवर्ड, शँकलीने घेतलेला शेवटचा खेळाडू, रक्कम दोन लाख पौंड. अ‍ॅनफिल्डला येऊन तो मंद झाला, गोल होईनात, जागाही गेली. विकून टाका म्हणायला जग मोकळं होतं. पेझलीने बघितलं की पळण्याचा वेग नसला तरी डावा पाय सोन्याचा आहे, छातीवर चेंडू घेतो, आणि मागून उशिरा पोचला तर कोणाच्या लक्षात येत नाही. १९७५ च्या हिवाळ्यात पीटर कॉर्मॅक जखमी झाला तेव्हा त्याला डाव्या मिडफिल्डला बसवलं. तोच केनेडी इंग्लंडकडून खेळला आणि तिन्ही युरोपियन कपच्या फायनलमध्ये उतरला. पॅरिसला ८२ व्या मिनिटाला थ्रो-इन कोणाचा? रे केनेडीचा. गोल कोणाचा? अ‍ॅलन केनेडीचा.

खेळाडू आणण्यातही तेच डोळे. नील नॉर्दॅम्प्टनहून, तो त्याचा पहिला सौदा, आणि रोमला पेनल्टी मारणारा तोच. कीगन १९७७ मध्ये हॅम्बर्गला पाच लाखांना गेला तेव्हा लोकांना वाटलं आता संपलं. पेझलीने चार लाख चाळीस हजारांत सेल्टिककडून डाल्ग्लिश आणला. त्याच वर्षी पार्टिक थिसलकडून हॅन्सन, एक लाखात. पुढच्या जानेवारीत मिडल्सब्रोहून सुनेस. मे १९७८ मध्ये वेम्बलीला युरोपियन कपच्या फायनलमध्ये ब्रूजविरुद्ध एकच गोल झाला, पास सुनेसचा, फिनिश डाल्ग्लिशचा. दोघांनाही येऊन वर्ष झालं नव्हतं! १९८० ला चेस्टरहून रश आणला, तीन लाखांत. तो सुरुवातीला पास देत राहायचा, गोल करेना, आणि जागा मिळत नाही म्हणून कुरकुर करायला गेला. गोल करत नाहीस म्हणून जागा नाही, एवढंच त्याला सांगितलं. रशने लिव्हरपूलसाठी पुढे ३४६ गोल केले.

रोमची रात्र सांगून थांबतो. चार दिवस आधी एफए कपची फायनल मँचेस्टर युनायटेडकडून हरलेली टीम. त्या चार दिवसांत नवीन काही शिकवता येत नाही, पाय ताजे करणं आणि डोकं शांत ठेवणं एवढंच हातात असतं. दुखणी ओळखणारा माणूस त्या आठवड्यात सोन्याच्या मोलाचा. ३-१ ने जिंकले. टीम जल्लोष करत होती आणि पेझलीने दारूला हात लावला नाही, कारण त्याला ती रात्र पूर्ण लक्षात ठेवायची होती. १९४४ मध्ये तो सैनिक म्हणून त्याच शहरात रणगाड्यावर बसून आला होता.

तू फक्की मारलीस, पट्ट्या बांधल्यास, बर्फ लावलास. त्या पोरांच्या शरीरांबद्दल तुला जे माहीत आहे ते बाहेरून आणलेल्या कोणत्याही कोचला माहीत नसणार. तिथून सुरुवात कर.

फिजिओ, थाटीपूर

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. चाल बघून दुखणं ओळखण्याबद्दल एक भर घालते. यात जादू काहीच नाही. मांडीचा मागचा स्नायू ताणलेला असेल तर पाय पुढे टाकताना शरीर आपोआप तो कमी लांब टाकतं. घोट्यात दुखत असेल तर त्या पायावर उभं राहण्याचा वेळ कमी होतो आणि दुसरं पाऊल घाईने पडतं. जांघेत दुखत असेल तर आतल्या बाजूने पास द्यायला मुलगा टाळाटाळ करतो. रोज तीच पंचवीस मुलं बघणाऱ्याला फरक दिसतो, कारण त्याच्या डोळ्यांत प्रत्येकाची नेहमीची चाल बसलेली असते. आमच्याकडे पेशंट पहिल्यांदा येतो तेव्हा आम्हाला तो फायदा नसतो. पेझलीकडे तीच माणसं वर्षानुवर्षं होती.

पण मुरारदादा, जेरी बर्नची गोष्ट ऐकून भारावू नका. तो प्रौढ व्यावसायिक खेळाडू होता, आणि बदलीचा नियम इंग्लिश लीगमध्ये त्याच्या पुढच्या मोसमात आला. तुमच्याकडे सतरा वर्षांची मुलं आहेत, त्यांची हाडं अजून वाढतायत, आणि बाकावर बदली बसलेले आहेत. कॉलरबोनचा संशय आला तर हात झोळीत आणि मुलगा थेट एक्स-रेला. डोक्याला मार लागला असेल तर तो कितीही "ठीक हूँ" म्हणाला तरी त्या दिवशी परत मैदानात नाही.

वहीचं मात्र आजपासून करा. कोण, कुठे, किती दुखतंय, केव्हापासून. सामना संपल्यावर मुलं लगेच मोटरसायकलवर बसून पळतात, त्यांनाही दहा मिनिटं चालायला लावा.

महू मैदान

धागा इंग्लंडचा आहे, पण रे केनेडीचं वाचून रहीमसाहेब आठवले. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शिक्षक, आपल्या देशाचे आजवरचे सर्वांत यशस्वी कोच. १९५१ आणि १९६२ अशी एशियाडची दोन सुवर्णं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला चौथा नंबर.

१९६२ ला जकार्तात पहिल्याच सामन्यात आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. पुढे बॅक जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. एवढा मोठा बॅक जखमी, म्हणजे कोणीही त्याला बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर-फॉरवर्ड केलं. डोक्याला पट्टी बांधून तो सेमीफायनलला खेळला आणि गोल केला. फायनलला पुन्हा तेच दक्षिण कोरिया, अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं, आणि आपण २-१ ने जिंकलो. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्या जूनमध्ये गेले. खेळाडूकडे काय उरलं आहे ते बघायचं, हे दोघांचंही सारखंच. (फिजिओताई, टाके असताना हेडर मारणं आज चालणार नाही, हे मान्य आहे.)

डावा बॅक, मुरार

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही एवढं लिहिलंत की मी ते प्रिंट काढून ठेवणार आहे. ताई, वही आज आणली.

माझ्याकडेही एक रे केनेडी आहे बहुतेक. फॉरवर्डला खेळतो, पळण्यात मागे पडतो, पण डाव्या पायाने चाळीस पावलांवरून चेंडू हवा तिथे टाकतो. त्याला डावीकडे मागे घेऊन बघतो.

दुसरा प्रश्न अवघड आहे. आमचा कॅप्टन सरांचा लाडका, स्टॉपर (मधला बॅक). गेले दोन महिने त्याचा खेळ उतरलाय. चुकतो आणि मग दुसऱ्यांवर ओरडतो, त्यामुळे बाकीचे बिचकतात. कॅप्टनचा पट्टा काढला तर सर दुखावतील, पोरगाही दुखावेल. पेझलीवर असा प्रसंग आला होता का?

लष्करचे पीटी काका

आला होता. डिसेंबर १९८१. बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) मँचेस्टर सिटी अ‍ॅनफिल्डवर येऊन ३-१ ने जिंकून गेली आणि लिव्हरपूल बाराव्या नंबरवर गेलं. कॅप्टन फिल थॉम्पसन, त्याच शहरातला पोरगा, शँकलीच्या हाताखाली मोठा झालेला, आणि सात महिन्यांपूर्वी पॅरिसला कप उचललेला. पेझलीला दिसलं की कॅप्टनपणाचं ओझं त्याच्या खेळावर येतंय. त्याने पट्टा काढून सुनेसला दिला. थॉम्पसन चिडला, फार चिडला. पण पेझलीने त्याला टीममधून काढलं नाही, आणि स्टॉपरला खेळताना त्याचा खेळ परत आला. त्या मोसमात लीग लिव्हरपूलनेच जिंकली.

१९८३ चा लीग कप ही पेझलीची वेम्बलीवरची शेवटची फायनल. ट्रॉफी घ्यायला कॅप्टन वर जातो ही रीत, पण सुनेस अडून बसला आणि पेझलीला पायऱ्या चढायला लावलं. कडक निर्णय घेणाऱ्या माणसाला खेळाडूंनी दिलेला मान आहे हा.

तेव्हा काढ पट्टा. सरावाच्या आधी, एकटा असताना, तोंडावर सांग. पोरांसमोर नाही आणि मोबाइलवर तर नाहीच. स्टॉपरची जागा त्याचीच राहील हे त्याच वाक्यात सांग. नवीन कॅप्टन कोण ते दुसऱ्या दिवशी.

त्याआधी सरांच्या घरी जा. विचारायला नाही, सांगायला. चहा घे, पाया पड, आणि कारण सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ते त्यांना जास्त लागेल. आणि त्यांना काहीतरी काम दे. १९८५ मध्ये डाल्ग्लिश खेळता खेळताच मॅनेजर झाला तेव्हा क्लबने निवृत्त पेझलीला त्याचा सल्लागार म्हणून शेजारी बसवलं, आणि पहिल्याच मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही मिळाले. तुमच्याकडे बारा वर्षांखालची पोरं संध्याकाळी नुसती चेंडूमागे धावत असतील, ती सरांच्या हवाली कर. मैदानाचं पलीकडचं टोक दे, म्हणजे तुझ्या पोरांना कडुनिंबाकडे बघायचं कारण उरणार नाही.

त्या फॉरवर्डला मागे घेतलास की पहिले तीन-चार सामने गोल झाले नाहीत तरी पुढे पाठवू नकोस. आणि ताईंनी सांगितलेल्या वहीत त्याचं पान वेगळं ठेव. मिडफिल्डला पळणं वाढतं, पोटऱ्या आधी बोलतील.